क्रिंगला पाणी कोण पाजतंय?

ही घटना खरी आहे.

ज्यांना शंका असेल त्यांनी आमच्या इलोइलो शहरात यावं. इथल्या एका सरकारी हॉस्पिटलात, मुलांच्या वॉर्डात, खिडकीजवळची सहावी खाट मी स्वतः नेऊन दाखवीन. हॉस्पिटलचं नाव मात्र विचारू नका, आणि त्या खाटेवर बसू नका.

गादी ओली असते.

घडलं ते नेनेथच्या बाबतीत. नेनेथ माझ्या बायकोची मावसबहीण, लहान मुलांच्या वॉर्डात नर्स. आणि आधीच सांगून ठेवतो, रात्र नव्हती. अमावस्या नव्हती, वारा नव्हता, लांब कुठे कुत्रंही रडत नव्हतं. एप्रिलातली दुपार होती. जेवणं उरकलेली, पंखे घरघरताहेत, अख्खा वॉर्ड झोपलेला. भुतांना फक्त रात्रपाळी असते असं ज्याने पहिल्यांदा सांगितलं, त्याने हॉस्पिटलात नोकरी केलेली नसणार.

नेनेथचा विश्वास दोनच गोष्टींवर. एक बाळ येशू, दुसरा वजनकाटा. दोघांचं एकमेकांशी पटलं नाही, तर ती काट्याचं ऐकायची.

तेव्हा तिचे इंग्लंडला जायचे कागद तयार होत आले होते. इलोइलोत मुलगी नर्स झाली की शेजारी ‘अभिनंदन’ म्हणत नाहीत, ‘कधी निघणार?’ म्हणतात. नेनेथची बॅग अर्धी भरलेली होती. स्वेटर घेऊन झाले होते. भर एप्रिलात स्वेटर विकत घेणारी बाई म्हणून बाजारात तिचं नावही झालं होतं.

वॉर्डात सहा खाटा. पाच खाटांवर दोन-दोन मुलं, उलटसुलट निजवलेली, एकाचे पाय दुसऱ्याच्या कानाशी. मोठं ऑपरेशन झालेल्याला तेवढी एकट्याची खाट.

सहावी रिकामी.

का, ते कुणी विचारत नसे. वरचा पाइप गळतो, गादी भिजते, असं कारण ठरलेलं होतं. पाइप त्या बाजूने जातच नव्हता. पण सरकारी कारण एकदा रुळलं, की मान वर करून बघायची पद्धत नसते.

इथे पेशंटसोबत घरचं एक माणूस लागतंच. त्याला बांताय म्हणतात. बांताय म्हणजे राखण करणारं. त्याने वारा घालायचा, औषध आणायचं, डॉक्टर येताना दिसले की मुलाला जागं करायचं. एका मुलाला एकच बांताय, गळ्यात पिवळा पास. आता माणूस म्हटल्यावर त्याला संडासला जावं लागतं, भात आणायला जावं लागतं. मग शेजारच्या बांतायला म्हणायचं, ‘जरा लक्ष ठेवाल? आलेच मी.’ ती म्हणते, ‘जा तुम्ही.’ परत आल्यावर म्हणायचं, ‘आले हं.’ की ती मोकळी.

एवढासा व्यवहार. ‘नाही जमणार’ म्हणणारं माणूस इथे अजून जन्मलेलं नाही.

क्रिंग-क्रिंग हे टेलिफोनच्या घंटेचं नाव नव्हे, सात वर्षांच्या मुलीचं आहे. इथे लाडाची नावं अशीच असतात. तिची आई कुवेतला घरकामाला होती. बापाची चौकशी कुणी केली नाही. सोबत आजी होती, लोला पासिंग. लोला म्हणजे आजी. उभा जन्म सुकटीच्या बाजारात गेलेला. ती फाटकापाशी बोलली तरी वरच्या मजल्यावर भूल दिलेला माणूस शुद्धीवर यावा, असा आवाज.

क्रिंगच्या डोक्यातली एक गाठ काढली होती. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते, तिला चिकटलेली. ऑपरेशन चांगलं झालं. पण ती वाटाण्याएवढी ग्रंथी म्हणजे अंगातल्या पाण्याच्या नळावर बसलेली बाई. तिने आपलं संप्रेरक सोडलं, की शरीर पाणी धरून ठेवतं. तिला धक्का लागला, की नळ उघडा तो उघडाच.

क्रिंगचा नळ उघडला. ती सारखं पाणी प्यायची आणि पाण्यासारखीच लघवी करायची. नेनेथ प्रत्येक ओल्या लंगोटाचं वजन करायची. जेवढं बाहेर गेलं, तेवढं परत पोटात गेलंच पाहिजे. नाहीतर असं मूल बघता बघता सुकतं.

डॉक्टर विलारूस यांनी लोला पासिंगला एकच काम दिलं. “तोंड उघडलं की पाणी.”

लोलाने ते चोख केलं. दुपारी कुवेतहून मुलीचा फोन यायचा, तेव्हा ती जिन्याखाली जायची. वॉर्डात रेंज मिळत नसे. लोलाच्या आवाजाला कुवेतपर्यंत रेंजची गरज होती का, हा वेगळा प्रश्न. पण ती खाली असतानाही क्रिंगचा घसा कधी कोरडा पडला नाही. नेनेथने आजीचं कौतुक केलं. आजीने ते घेतलं.

घोळ तिथेच झाला. पण ते नंतर कळलं.

मग एके सकाळी नळ फिरला.

असं होतं कधी कधी. दुखावलेली ग्रंथी साठवलेलं सगळं संप्रेरक काही दिवस भडाभडा सोडून देते. नळ गच्च बंद. पाणी आत जातं, बाहेर येत नाही. रक्तातलं मीठ पातळ होतं, मेंदूला सूज येते, आकडी येते. काल जे पाणी औषध होतं, ते आज विष.

नेनेथने टेबलावरचा पाण्याचा जग उचलून नेला. खाटेवर पाटी लावली, ‘पाणी नाही’. फार कोरड पडली तर ओल्या बोळ्याने ओठ पुसायचे. बाकी घोटभरसुद्धा द्यायचं ते नर्स देणार.

लोला म्हणाली, “काल म्हणालात पाज, आज म्हणता पाजू नको. उद्या काय, नाचायला लावणार?”

पण तिने ऐकलं.

संध्याकाळी क्रिंगला काट्यावर ठेवलं.

जड भरली.

रक्त तपासलं. मीठ उतरलेलं.

नेनेथने काटा तपासला. स्वतः चढून पाहिलं. आकडा तिला आवडला नाही, म्हणजे काटा बरोबर होता.

याचा अर्थ एकच. कुणीतरी मुलीला पाणी पाजत होतं.

पहिला संशय अर्थातच लोलावर. नेनेथने तिची पिशवी उलटी केली. सुकट, जपमाळ, डोक्याचं तेल, केळ्यांचा फणा. बाटली नाही. लोलाने मेलेल्या नवऱ्याची शपथ घेतली. त्याने नेनेथचं समाधान झालं नाही, कारण त्या नवऱ्याबद्दल लोलाचं मत सगळ्या वॉर्डाला पाठ होतं.

दुसरा संशय शेजारच्या बायकांवर. मूल पाणी मागतंय म्हटल्यावर एखादीचं काळीज विरघळलं असेल. नेनेथने एकेकीला दटावलं. त्या इतक्या घाबरल्या की स्वतःच्या मुलांनाही विचारून पाणी देऊ लागल्या.

तिसरा संशय क्रिंगवरच. उठून न्हाणीघरात जात असेल. नेनेथने खाटेचा कठडा वर केला आणि वाटेत खुर्ची टाकून स्वतः बसली.

दुपार झाली. जेवणाचे डबे वाजायचे थांबले. बांताय बायका खाटांच्या कडेवर डोकी टेकून झोपल्या. लोला फोनला खाली गेली. पहिल्या खाटेवरचं सलाईन संपत आलं, म्हणून नेनेथ उठली. बाटली बदलायला पाठ वळवली.

आणि आवाज आला.

माठातून पेल्यात पाणी ओतल्याचा...

मग पत्र्याच्या पेल्याची कड दाताला लागल्याचा...

मग घोट. एक. आणखी एक.

वॉर्डात माठ नव्हता. पेले सगळे प्लास्टिकचे.

नेनेथ वळली.

कुणी नव्हतं. खुर्ची जागच्या जागी. कठडा वर. क्रिंग डोळे मिटून पडलेली. बोळा वाटीत कोरडा ठणठणीत. पण ओठ चमकत होते, हनुवटीवर थेंब होता. बाजूच्या टेबलावर ओलं गोल वळं उमटलं होतं, पेल्याच्या बुडाएवढं. आणि वास... पहिल्यांदा पाणी भरलेल्या मातीच्या माठाचा.

“कुणी दिलं पाणी?”

“बांतायने,” क्रिंग डोळे न उघडता म्हणाली.

“लोलाने?”

“लोला फोनवर आहे ना.” मुलीने हे अशा सुरात सांगितलं, की नेनेथला आपणच बावळट ठरल्यासारखं वाटलं. “ती दुसरी.”

“दुसरी कुठली?”

क्रिंग झोपी गेली होती.

त्याच संध्याकाळी आकडी आली.

डोळे पांढरे, मूठ वळलेली, लहानसं अंग धनुष्यासारखं ताठ. डॉक्टर विलारूस धावत आले. मिठाचं सलाईन हळूहळू सोडलं. हळूहळूच सोडावं लागतं, घाई केली तरी मेंदूला धोका, उशीर केला तरी धोका. मुलगी वाचली. डॉक्टर घाम पुसत म्हणाले की हे पुन्हा झालं, तर पुढचं ते सांगू शकत नाहीत.

वॉर्डच्या मुख्य नर्स मॅम पर्पी यांनी लोलाच्या गळ्यातला पिवळा पास काढून घेतला.

लोला ओरडली नाही. सगळ्या वॉर्डाला पहिल्यांदा तिचा खरा आवाज ऐकू आला. बारीक होता. “मी माझ्याच नातीला मारीन?”

ती जिना उतरून गेली.

दुसऱ्या दिवशी क्रिंगजवळ बांताय नव्हतीच. खाटेजवळ येणारी फक्त नेनेथ. दुपारी ती जागची हलली नाही. एकदाच शिंक आली. शिंकताना डोळे मिटतात. डोळे उघडले तर टेबलावर ओलं वळं होतं.

संध्याकाळी काटा पुन्हा वर.

मॅम पर्पींनी काट्याकडे पाहिलं, मग नेनेथकडे. “आता तिच्याजवळ फक्त तू असतेस, इंदाय.”

इंदाय म्हणजे बाळ, पोरी. लाडाचा शब्द. त्या दिवशी त्यात लाड नव्हता.

“इंग्लंडला चांगलं पत्र जातं,” मॅम पर्पी म्हणाल्या, “तसं दुसरंही जाऊ शकतं.”

नेनेथला रात्रभर झोप लागली नाही. पण ती पत्रामुळे नव्हे. नळ किती दिवस बंद राहील, कुणी सांगू शकत नव्हतं. आणि क्रिंगच्या रक्तात आणखी एक पेलाभर पाणी मावणार नव्हतं.

सकाळची कामं उरकून, दुपार व्हायच्या आधी ती खाली फाटकापाशी गेली. लोला पासिंग कुंपणाबाहेर झाडाखाली बसली होती, गाठोड्यावर. पास गेला म्हणून राखण थोडीच सुटते.

नेनेथ तिच्याशेजारी बसली. तिला एक गोष्ट सुचली होती, आणि ती आधी का सुचली नाही याचं तिला नवल वाटत होतं.

“लोला, पाणी कुणी पाजलं ते नाही विचारत. तुम्ही फोनला जायचात, तेव्हा लक्ष ठेवायला कुणाला सांगायचात?”

लोला जरा ओशाळली. बांतायने आपलं काम दुसऱ्यावर टाकायचं नाही, असा मॅम पर्पींचा हुकूम होता. सगळ्याच मोडायच्या, पण कबूल कोण करणार?

“ती नाही का, गरीब बिचारी. कायम ओले केस. उजेड पाठीमागून यायचा, त्यामुळे तोंड काही नीट दिसलं नाही. हातात पत्र्याचा पेला. पहिल्याच दिवशी म्हटलं, बाई, जरा लक्ष ठेवाल? तोंड उघडलं की पाणी द्या, आलेच मी. म्हणाली, जा तुम्ही.”

“कुठे बसायची?”

“खिडकीजवळ. सहाव्या खाटेवर.”

नेनेथने वर वॉर्डाच्या खिडकीकडे पाहिलं.

“मग रोज तिच्यासाठी एक केळं ठेवून जायची मी. तेवढाच आपला माणुसकीचा धर्म.”

“खायची?”

“परत यायची तेव्हा केळं नसायचं. आता तिने खाल्लं की तुमच्या मॅम पर्पीने, ते देवाला ठाऊक.”

“लोला, सहाव्या खाटेवर मूल नाही. मुलाशिवाय बांताय कशी असेल?”

लोलाने छातीवर क्रूस केला. नेनेथने तिचा हात धरला. “एकच सांगा. परत आल्यावर तिला ‘आले हं’ म्हणालात?”

लोलाने आठवून पाहिलं.

“म्हणणार कुणाला? मी यायची तेव्हा ती नसायचीच. मला वाटायचं, संडासला गेली असेल.”

नेनेथने तिचा हात सोडला.

तोंड उघडलं की पाणी. पहिल्या दिवशीचा निरोप. डॉक्टरांनी बदलला, नेनेथने बदलला, पाटी लागली, जग उचलला... पण जिला तो दिला होता, तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिला कुणी मोकळंच केलं नव्हतं. ती बिचारी इमानाने सांगितलेलं काम करत होती.

पाळी बदलताना नर्स एकमेकींना पेशंटची ओव्हर देतात. खाटेशी उभं राहून. नाव काय, आजार काय, काल काय चालू होतं, आज काय बंद. ओव्हर घेतल्याशिवाय पेशंट आपला होत नाही. दिल्याशिवाय सुटत नाही. हे नेनेथला शाळेतल्या प्रार्थनेपेक्षा पक्कं पाठ होतं.

दुपारी वॉर्ड झोपला. ती क्रिंगच्या खाटेशी उभी राहिली. तोंड सहाव्या खाटेकडे केलं. आपण वेड्यासारखं करतोय, हे तिला कळत होतं. कुणी जागं तर नाही ना, हे तिने दोनदा पाहून घेतलं.

“बाई,” ती हळू म्हणाली. “ही क्रिंग-क्रिंग. सात वर्षांची. हिची ओव्हर मी घेते.”

पंखा घरघरत होता.

“तुम्ही पाणी पाजलंत, बरोबर केलंत. तेव्हा तिचा नळ उघडा होता. तुम्ही नसतात तर सुकली असती. आता नळ बंद झालाय. आता एक पेला पाणीसुद्धा तिला मारेल. तुमची चूक नाही. तुम्हाला कुणी सांगितलं नाही.”

तिने ‘पाणी नाही’च्या पाटीवर बोट ठेवलं.

“लोला परत आल्यात. मीही आले हं. तुम्ही मोकळ्या.”

पंखा थांबला.

नुसता पंखाच नाही... मुलांच्या श्वासांचा आवाज, खालच्या रस्त्यावरच्या गाड्या, कावळे. सगळंच.

मग टेबलावर पत्र्याचा पेला ठेवल्याचा आवाज आला. अलगद. झोपलेलं मूल उठू नये असा.

नेनेथला हुंदकाच आला, इतकं सुटल्यासारखं वाटलं.

आणि तेवढ्यात, अगदी शेजारून, दमलेल्या बायकी आवाजात, वॉर्डात दिवसातून शंभर वेळा ऐकू येतं तसं...

“मग माझ्या लेकराकडे जरा लक्ष ठेवाल, इंदाय? आलेच मी.”

“जा तुम्ही,” नेनेथ म्हणाली.

म्हणून गेली. तोंड इलोइलोचं होतं. ते विचारून थोडंच बोलतं?

ओल्या चपला फटक फटक करत दारापर्यंत गेल्या. जिना उतरल्या. पंखा फिरू लागला.

तेव्हा कुठे नेनेथला कळलं, आपण कशाला ‘जा’ म्हटलं ते.

तिने सहाव्या खाटेकडे पाहिलं. छताखाली एक थेंब नव्हता. पण कोरड्या चादरीच्या मधोमध काळपट डाग उमटत होता, आणि हळूहळू पसरत होता... खालून नाही, वरून नाही. एखाद्या लहान मुलाला झोपेत व्हावं, तसा.

त्या संध्याकाळी क्रिंग काट्यावर हलकी भरली. पुढे मीठ चढत गेलं. काही दिवसांनी नळ पुन्हा उघडला आणि मग कायमचा उघडाच राहिला. तेही अपेक्षितच होतं. त्यावर नाकात मारायचा फवारा मिळतो. लोला पासिंगला पास परत मिळाला. कसा मारायचा, किती मारायचा, लघवी किती झाली की पाणी किती द्यायचं, हे सगळं नेनेथने तिच्याकडून घोकून घेतलं. आता क्रिंग शाळेत जाते, गळ्यात पाण्याची बाटली. तिला वर्गातून केव्हाही बाहेर जायची परवानगी आहे, म्हणून तिच्या मैत्रिणींना तिचा हेवा वाटतो.

लोलाने नेनेथला पोतंभर सुकट दिली. इंग्लंडला ने म्हणाली. नेली असती तर ते विमान वाटेतच उतरवलं असतं.

नेनेथने एकदा मॅम पर्पींना गाठलं. सहाव्या खाटेवर शेवटचं कोण होतं?

मॅम पर्पी केळं सोलत होत्या. त्या म्हणाल्या की फार जुनी गोष्ट आहे, त्यांची नोकरी तेव्हा नवी होती. एक मुलगा होता. सारखं पाणी मागायचा, सारखी गादी भिजवायचा. तेव्हा हा आजार इथे कुणाला माहीत होता? गादी भिजते ना, मग पाणी बंद करा, असं ठरलं. त्याची आई गिमारासची, समोरच्या बेटावरची. घरून माठाचं पाणी आणते म्हणून एका दुपारी गुपचूप निघाली. होडी पोचली नाही.

“आणि मुलगा?”

“संध्याकाळपर्यंत होता.”

“मॅम, जाताना ती कुणाला सांगून गेली? लक्ष ठेवा म्हणून?”

मॅम पर्पींनी हातातलं केळं खाली ठेवलं. त्यानंतर त्यांनी वॉर्डात केळं खाल्लेलं कुणी पाहिलं नाही.

दुसरं पत्र काही गेलं नाही. इंग्लंडहून तारीख आली. नोकरीचा शेवटचा दिवस आला. नेनेथची बॅग दाराशी उभी होती. खाली भाड्याची गाडी थांबलेली. तिच्या जागी रिझा मे नावाची नवी नर्स आली होती, हुशार, हसरी, कशालाही ‘हो मॅम’ म्हणणारी.

नेनेथने एकेका खाटेची ओव्हर दिली. पहिली. दुसरी. तिसरी. चौथी. पाचवी.

मग दोघी खिडकीपाशी आल्या. सहाव्या खाटेच्या उशाशी पाण्याने भरलेला एक पेला होता. रोज दुपारी नेनेथच ठेवायची तो. रोज रिकामा व्हायचा. ओल्या चादरीचं वजनही ती करायची. सवय.

“आणि ही?” रिझा मेने विचारलं.

फक्त म्हणायचं होतं, ‘जरा लक्ष ठेव.’ पोरगी ‘जा तुम्ही, मॅम’ म्हणालीच असती. काय आहे, काय नाही, विचारलंसुद्धा नसतं. आणि नेनेथ जिना उतरून गाडीत बसली असती.

नेनेथने तोंड उघडलं. रिझा मेकडे पाहिलं. तिची बाही अजून इस्त्रीची होती.

“ही रिकामी आहे,” नेनेथ म्हणाली.

मागून, अगदी हळू... कुणीतरी पाणी मागितलं.

रिझा मेने मान वळवली. “कोण म्हणालं, मॅम?”

“तू ‘देते’ म्हणू नकोस,” नेनेथ म्हणाली. “काहीच म्हणू नकोस. पहिल्या खाटेचं सलाईन बघ जा.”

तिने बॅग भिंतीशी सरकवली आणि पेला उचलला.

तेव्हापासून ती तिथेच आहे. स्वेटर डांबराच्या गोळ्यांत पडलेत. नातेवाईक म्हणतात, विमानाला घाबरली. काही म्हणतात, कुणीतरी माणूस आहे. ती कुणाचंच खोडून काढत नाही. ‘त्याची आई आली की मी मोकळीच आहे,’ एवढंच एकदा माझ्या बायकोला म्हणाली, आणि पानातला मासा निवडत राहिली.

आमचं घर धक्क्याजवळ आहे. नेनेथ जेवायला आली की दुपारच्या आत निघते. निघताना न चुकता विचारते, गिमारासची होडी लागली का?

आम्ही म्हणतो, लागली.

ती दारात थांबते.

“सगळे उतरले?”